चार-चार-दोन

१२ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

अनेक आशीर्वाद. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही आधी पाकीट उलटंसुलटं करून बघाल, मग उघडाल, हे मला इथे बसून दिसतंय. उघडा, आत काही चावरं नाही. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते. थंडीत तुमचा उजवा खांदा धरायचा, तो अजून धरतो का? शेकत जा. आळस करू नका.

पत्ता तुमच्या वर्कशॉपशेजारच्या कँटीनवाल्याने दिला. त्याची नि माझी ओळख कशी झाली ते पुढे कधीतरी सांगेन. माणूस भला आहे. म्हणाला, "व्हील अलाइनमेंटवाले ना? चहात साखर कमी घेतात आणि बोलतात त्याहून कमी." म्हटलं, बोलणं कमी म्हणजे आमचेच भावोजी, पण साखर कमी कधीपासून? इथे होतात तेव्हा तीन चमचे घालूनही कप परत यायचा.

इथलं सांगते. छोटी आता नावापुरतीच छोटी. माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली आहे. तुम्ही गेलात तेव्हा दप्तर घेऊन गॅरेजच्या पायरीवर बसायची, आता क्रेन चालवते. होय, आपली क्रेन. अडलेल्या गाडीवाल्याला आधी वाटतं, ही पोरगी काय ओढणार? मग ती पट्टा आवळते, खटका टाकते, आणि त्याच्याकडे न बघता म्हणते, "काका, बसा पुढे." मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर मला बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही इतक्या थकलात कधी? मला वाटत होतं माझीच नजर गेली." घ्या. म्हणजे डोळे चांगले झाले म्हणायचे.

आता कामाचं.

आपला फोन नंबर विकत मागायला एक कंपनी आली आहे. बंद पडलेल्या गाड्या उचलणारी मोठी कंपनी, गावोगाव त्यांच्या पिवळ्या क्रेन फिरतात. त्यांचा एक माणूस येऊन गेला, इस्त्रीचा शर्ट, वय असेल तिशीचं. त्या मोडक्या स्टुलावर बसला. मी म्हटलं, जपून, ते स्टूल गिऱ्हाईक ओळखतं. मग मी त्याला सरळच विचारलं, "एवढ्या गाड्या तुमच्या, एवढी माणसं. आमचे सहा आकडे घेऊन काय करणार?"

तो म्हणाला, "काकू, गाड्या बाजारात मिळतात. लोकांच्या डोक्यातली जागा मिळत नाही. ती तुम्ही कधीच धरून बसलात."

"असं होय!"

"माझ्या वडिलांना माझा नंबर पाठ नाही. तुमचा आहे. खोटं नाही सांगत. रस्त्यात गाडी बंद पडली, पोरं रडायला लागली, की माणूस कागद शोधत बसत नाही. तोंडात येईल तो नंबर फिरवतो."

तो गेल्यावर मी एकटीच हसत बसले. कारण हेच तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून बोलला होतात, हातात पाना आणि कोपरापर्यंत ग्रीस. तुम्हाला टोल-फ्री नंबर घ्यायचा होता, आणि तोही सहज पाठ होणारा. फोन करणाऱ्याला फुकट आणि पैसे आपण भरायचे, हे ऐकूनच तुमच्या दादांचं डोकं फिरलं होतं. "लोकांनी बोलायचं आणि आपण भरायचं? वर आकडे चांगले हवेत म्हणून जास्त द्यायचे? उद्या हवेचेसुद्धा पैसे द्यायला लावशील!" तुम्ही म्हणालात, "दादा, आपण टायरमध्ये हवाच भरतो आणि तिचे पैसे घेतो." मी भाजी चिरत होते, हसता हसता बोट कापलं. दादा माझ्यावरच चिडले.

मग तुम्ही टेलिफोन ऑफिसात जाऊन बसलात, शिल्लक नंबर एकेक करून त्या बाईंकडून वाचून घेतलेत. बाई कंटाळल्या, पण तुम्ही उठला नाहीत. घरी आलात ते गाणं म्हणतच. सुरुवातीचे टोल-फ्रीचे आकडे सगळ्यांचे सारखेच, आपले ते पुढचे, चार-चार-दोन, चार-चार-दोन. "चार चाकं तुमची, चार चाकं आमची, दोघे भाऊ हजर!" दोनदा म्हटलं की नंबर पूर्ण. दादा आंघोळीला गेले तेव्हा आतून तेच ऐकू आलं. तेव्हाच मी ओळखलं की नंबर घ्यायचा ठरला.

पुलाच्या खांबावर नंबर रंगवणारा पेंटर अजून शिडीवर होता आणि पहिला फोन आला. गिऱ्हाईक म्हणालं, बसमधून जाताना एकदाच दिसलं, डोक्यातून जाईना. वर्षभरात दादा सगळ्यांना सांगत सुटले की ही कल्पना मुळात त्यांचीच. तुम्ही तेव्हाही काही बोलला नाहीत. साखर तेवढी जास्त घ्यायचात.

तर असा तो नंबर. मला तो आता विकायचा आहे. छोटीला नाही विकायचा. तिचं-माझं त्यावरून रोज वाजतं. ती म्हणते, "नंबर गेला तर आपल्याला कोण ओळखणार?" मी म्हणते, "नाही ओळखलं तर नाही ओळखलं." मला तो फोन आता उचलवत नाही, भावोजी. वय झालं असं समजा.

नंबर दोघा भावांच्या नावावर घेतलेला, म्हणून तुमची सही लागते. कागद सोबत ठेवला आहे, खुणा केल्यात तिथे सह्या करा. दादांच्या बाजूच्या कागदांची काळजी नको, ते सगळं वकिलांनी माझ्याकडून करून घेतलं आहे.

दादांबद्दल तुम्ही विचाराल. काय लिहू? स्वतःबद्दल कुणी काही बोललेलं त्यांना आवडायचं नाही, तुम्हाला माहीतच आहे.

फोन वाजतोय. उचलायला हवा.

तुमची
वहिनी


६ मार्च

प्रिय भावोजी,

मागच्या आठवड्यात छोटी फोनवर बोलली ते खरं आहे. तुमचे दादा गेले. नोव्हेंबर संपता संपता गेले.

एवढं वाक्य लिहायला तीन कागद फाडले. आता लिहिलं, तर बाकीचं लिहिता येईल असं वाटतंय.

आधी छोटीचं सांगते, तिच्यावर रागावू नका. तुमचा कागद सकाळच्या टपालाने आला. सगळ्या सह्या जागच्या जागी होत्या, आणि मागे पेन्सिलने तुम्ही लिहिलं होतंत, "दादाला म्हणावं, नंबर तुझाच होता. मला त्यातलं काही नको." मी ते वाचून कागद टेबलावर ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. बाहेर आले तर छोटी कागद हातात घेऊन उभी. "आई, तू काकांना कळवलंच नाहीस? अगं, त्यांनी बाबांना निरोप दिलाय! कुणाला सांगायचा हा निरोप?" दोन घास जेवलो असू-नसू, आणि फोन वाजला. मी उचलला, रोजचं वाक्य म्हटलं. पलीकडे कुणी बोलेना. मागे कपबश्यांचा आवाज. मला कळलं. मी रिसीव्हर तसाच धरून राहिले, मला "ठेवू का" असंही म्हणवेना. छोटीने माझा चेहरा पाहिला, हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "काका, ठेवू नका. बाबा नाहीत. बाबा गेले."

असं सांगायचं नसतं. पण मी काय निराळं करणार होते? निदान तिने सांगितलं.

त्यानंतर ती बराच वेळ फोन कानाला लावून बसली होती. तुम्ही काही बोललात की नाही, ते मी विचारलं नाही आणि ती सांगत नाही. फोन खाली ठेवल्यावर इतकंच म्हणाली, "काकांचा आवाज बाबांसारखाच आहे." म्हणजे काहीतरी बोललात.

मागच्या पत्रात मी खोटं एकही वाक्य लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून बघा. पण जे सांगायचं तेच नेमकं राहू दिलं. का, ते आता सांगते. माझ्या मनात तुमच्याबद्दल राग होता. दोन आठवडे तुमचे दादा हॉस्पिटलात दाराकडे बघत पडले होते. मला वाटायचं, भावोजींना कसं कळत नाही? रक्ताचं नातं म्हणतात, मग काही तरी जाणवायला नको? वेडेपणा आहे, मला समजतं. तुम्हाला कुणी कळवलं नव्हतं, तर जाणवणार कुठून! पण रागाला एवढी अक्कल असती तर काय हवं होतं.

आता पहिल्यापासून सांगते.

दुपारची वेळ होती. एका गृहस्थाचा फोन आला, मोठ्या रस्त्यावर वळणापाशी गाडी बंद पडलीय. छोटी सुटे भाग आणायला गेलेली, म्हणून क्रेन घेऊन हे निघाले. मी म्हटलं, मिस्त्रींना बरोबर न्या. म्हणाले, "त्यांना समोरचा हत्ती दिसत नाही, हूक काय दिसणार!" तेव्हा मिस्त्रींचं ऑपरेशन व्हायचं होतं. हसतच गेले. जाताना डबा विसरले, मी हाक मारली, "आल्यावर खातो" म्हणाले.

तासाभराने पुन्हा फोन. तेच गृहस्थ. मी सवयीने म्हटलं, "घाबरू नका, आमची गाडी निघालीय, पोचेलच." ते म्हणाले, "बाई, गाडी पोचली. मघाशी गाडीसाठी फोन केला होता. आता गाडीसाठी नाही." मग म्हणाले, "तुमचे जे आलेत ना, ते खाली बसले. उठत नाहीत. तोंड एका बाजूला झालंय."

ते गृहस्थ बँकेतून रिटायर झालेले, स्वतः पंचाहत्तरीचे. मला नंतर म्हणाले, त्या वेळी मुलाचा नंबर आठवेना, अँब्युलन्सचा आठवेना, हात नुसता तुमचाच नंबर फिरवत होता. मी दुसऱ्या फोनवरून अँब्युलन्स बोलावली आणि त्यांना सांगितलं, यांच्या कानाला फोन लावा. लावला. मी म्हटलं, "अहो, मी आहे. ऐकू येतंय का?" आधी नुसता श्वास. मग अगदी स्पष्ट, गिऱ्हाइकाशी बोलावं तसे म्हणाले, "चार-चार-दोन."

मला वाटलं, शुद्धीवर आहेत. नंबर बरोबर सांगताहेत म्हणजे ठीक आहेत. केवढं हायसं वाटलं होतं, काय सांगू तुम्हाला!

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. मेंदूच्या ज्या भागात बोलणं असतं तिथेच मार बसला होता. आपण विचार करून बोलतो ते शब्द गेले. वर्षानुवर्षं घोकून तोंडात बसलेलं असतं ते मात्र कधी कधी मागे राहतं. कुणाची प्रार्थना राहते, कुणाची शिवी. यांचा नंबर राहिला.

दुसरा शब्द उरला नाही, भावोजी. माझं नाव नाही, छोटीचं नाही. पाणी हवं, "चार-चार-दोन." कूस बदलायची, "चार-चार-दोन." नर्सला आधी वाटलं, बेड नंबर चुकीचा सांगताहेत. ती म्हणायची, "आजोबा, तुमचा बेड सात." हे चिडून आणखी मोठ्याने, "चार-चार-दोन!" त्या वेळी छोटी आणि मी हसलो होतो. लोक काय म्हणतील असं वाटून तोंडाला पदर लावला, पण हसलो. आणि खरं सांगू का, सवय झाली. चार दिवसांत मला सगळं कळायला लागलं. छोटी आली की ते आकडे असे हळू यायचे, जणू तिच्या केसांवरून हात फिरवताहेत. माझ्यावर वैतागले की 'दोन' वर जोर. तीस वर्षांच्या संसारात इतकं नीट कधी बोललो नव्हतो आम्ही.

मग एका दुपारी ते "चार-चार" एवढंच म्हणाले आणि थांबले. चांगल्या हाताची दोन बोटं वर केली. मला दाखवली. दाराकडे बघितलं. पुन्हा बोटं. मी म्हटलं, दोन? दोन काय? दोन उशा? दोन गोळ्या? त्यांनी मान हलवली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती दोन बोटं एकमेकांना घट्ट चिकटवून धरली.

"भावोजी?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. इतका वेळ ताठलेला हात खाली पडला.

मी त्याच दिवशी घरी आले आणि आलेले नंबर दाखवणारी डबी फोनला जोडलेली आहे, तिच्यात मागे मागे जात पाहिलं. तुमचा सापडला. तो मी दुपारच्या वेळेवरून ओळखला, कारण मला ते फोन माहीत होते.

हे तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही फोन करून गप्प बसायचात ना, ते दादांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. दुपारी, गर्दी नसताना. टोल-फ्रीची लाईन अडवून ठेवायची नाही, हा त्यांचा केवढा नियम. मी बहिणीशी मिनिटभर बोलले तर डोळे वटारायचे. पण तो एक फोन आला की खुर्ची ओढून बसायचे आणि एकटेच बोलायचे. "छपराला गळती होती, बुजवली. मिस्त्री ऐकत नाहीत, बिड्या चालूच आहेत. छोटी गिअर टाकताना तुझ्यासारखीच मान तिरकी करते." असं काहीबाही. मी एकदा विचारलं, "कुणाशी बोलताय एवढं?"

"गिऱ्हाईक आहे. गाडी अडलीय त्याची."

"मग पाठवा ना क्रेन!"

"लांब आहे गं. आपली क्रेन नाही पोचायची तिथे."

मी पुढे विचारलं नाही. तुम्ही दोघे भाऊ असे, एकाने बोलायचं नाही आणि दुसऱ्याने नाव घ्यायचं नाही. तुम्ही घर सोडलंत त्या दिवशी तुमच्याकडून हूक नीट बसला नव्हता, गाडी घसरली, गिऱ्हाईक थोडक्यात वाचलं. चूक होती. पण चारचौघांत, मिस्त्रींसमोर, तिशीच्या भावाच्या थोबाडीत मारायची नव्हती. तुम्ही किल्ल्या टेबलावर ठेवून निघालात, तेव्हा हे मला म्हणाले, "जाईल कुठे, जेवायला येईल." तुमचं ताट झाकून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते उचलायला गेले तर म्हणाले, "राहू दे अजून."

गिऱ्हाइकं विचारायची, दोघे भाऊ ना, दुसरा कुठे? हे म्हणायचे, "दुसऱ्या गाडीवर गेलाय." दुसरी गाडी आपल्याकडे कधीच नव्हती. तुम्ही गेल्यापासून शेवटपर्यंत हे एकच उत्तर. ते देताना कधी अडखळले नाहीत, जणू तुम्ही संध्याकाळी येऊन हातपाय धुणार आहात.

तर, मी त्या नंबरवर फोन लावला. कँटीनवाल्याने उचलला. म्हणाला, "बाई, इथून दिवसाला पन्नास जण फोन करतात. कुणाचं नाव सांगता?" मी तुमचं नाव सांगितलं. तिथे तुम्हाला नावाने कुणी ओळखत नव्हतं. मी म्हटलं, कुणी टोल-फ्री लावून नुसता ऐकत बसतो का? तो म्हणाला, लक्ष ठेवतो. मी आपला नंबर सांगितला. त्याने लिहून घेतला नाही, कारण पेन शोधेपर्यंत मीच रडून फोन ठेवला होता. त्यानंतर मी रोज लावायची. कधी उचलायचा नाही, कधी उचलून म्हणायचा, अजून कुणी दिसलं नाही.

हे गेले ते सकाळी. नर्स उशी नीट करत होती, छोटी खिडकीचा पडदा सरकवत होती. मी औषध आणायला खाली गेले होते. वर आले तोवर सगळं आटोपलं होतं. छोटी म्हणाली, काहीच बोलले नाहीत. आकडेसुद्धा नाहीत.

नंतर मी त्या कँटीनला फोन लावायचं सोडून दिलं. तुमचा फोन आलाही असेल, पण माझा आवाज ऐकून तुम्ही लगेच ठेवला असेल. आता कशाला, असं वाटलं. जानेवारीत त्याचाच फोन आला. "बाई, सापडले तुमचे. शेजारचेच निघाले, व्हील अलाइनमेंटवाले. इतके दिवस डोळ्यांसमोर होते." मी विचारलं, माझा नंबर तुम्ही लिहून घेतला नव्हता, कसा काय लावलात? तो म्हणाला, "तुमचा नंबर कोण विसरणार?"

मी त्याला म्हटलं, त्यांना काही बोलू नका, मी पत्र लिहिते. आणि लिहिलं ते तसं, सहीचं.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला. कागद मी त्याला दिले. छोटीने मला अडवलं नाही. आदल्या दिवशी फक्त इतकं म्हणाली, "आई, तुला फोन वाजला की बाबा पडलेले दिसतात ना? मग दे." पोरीला कळलं होतं. मला प्रत्येक फोनमध्ये ते गृहस्थ ऐकू येतात. कुणीही म्हणू दे की गाडी बंद पडलीय, मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहते. अशी बाई त्या फोनवर बसवून कुणाचं भलं होणार? आणि छोटीला मी त्या रस्त्याच्या कडेला एकटीला उभं राहू देणार नाही. ती गॅरेज चालवील. मिस्त्री आहेत, आता तर दिसतंही. जुनी गिऱ्हाइकं येतील, न येतील.

एक तारखेपासून चार-चार-दोनवर दुसरंच कुणी बोलेल. तो माणूस म्हणाला, छान आवाजाच्या मुली आहेत त्यांच्याकडे, चोवीस तास. गाणंही ठेवणार होते. मी म्हटलं, आकडे घ्या, गाणं नाही द्यायचं. त्याने हो म्हटलं. खांबावरचं पुढच्या आठवड्यात रंगवून टाकतील.

भावोजी, तुमच्या दादांनी तुम्हाला काय सांगितलं असतं, ते मी सांगू शकत नाही. त्यांच्याजवळ शब्द नव्हते, मी बनवून सांगितले तर ते माझे होतील. दोन बोटं होती, ती मी पाहिली तशी सांगितली. तुमच्यावरचा राग गेला का, असं विचाराल तर पुष्कळसा गेला. लिहिता लिहिता गेला. उरलेला तुम्ही समोर आल्यावर जाईल, नाहीतर भांडून घेऊ.

या असं म्हणत नाही, येऊ नका असंही म्हणत नाही. घर तेच आहे.

पण एक करा. एक तारखेनंतर त्या नंबरवर गप्प बसून कुणाची वाट बघू नका. तिथली मुलगी बिचारी दोनदा 'हॅलो' म्हणेल आणि ठेवून देईल. घरातल्या फोनचा नंबर मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. त्यात काही ताल नाही, गाणं होत नाही, एक आकडा दुसऱ्यासारखा नाही. एकदा बघून लक्षात राहील असा तो नाहीच. तुम्हाला तो लक्षात ठेवावा लागेल.

वाट बघणारी,
तुमची वहिनी